न बघता निवडलेली टीम

रणजीचा हंगाम तोंडावर आला की आमच्या सदाशिव पेठेत एक निवड समिती आपोआप भरते. टिळक रोडच्या आतल्या गल्लीतलं अमृततुल्य हे तिचं ऑफिस, रविवार सकाळ ही मीटिंगची वेळ. सभासद पाच ते नऊ, कोणाच्या घरी पाहुणे आलेत त्यावर अवलंबून. मानधन नाही, उलट चहाचे पैसे आपल्याच खिशातून. अधिकार शून्य. पण आव असा, की इथून चिठ्ठी गेल्याशिवाय महाराष्ट्राची टीम जाहीरच होणार नाही.

या रविवारी पुन्हा बसलो होतो. पंधरा मिनिटांसाठी म्हणून खाली उतरलो आणि दीड तासाने वर गेलो. (घरी काय ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.)

आता तुम्ही म्हणाल, आयपीएल सोडून रणजीवर कोण भांडतं? आम्ही भांडतो. कारण पुण्याच्या वाट्याला दुसरं राहिलंय काय? पुणे वॉरियर्स 2011 मध्ये आले आणि 2013 नंतर गेले. रायझिंग पुणे दोन हंगाम टिकली, 2017 ची फायनल मुंबईकडून एका रनने हरली आणि विषय संपला. उरली ती महाराष्ट्राची टीम. तिने रणजी करंडक जिंकला तो 1939-40 आणि 1940-41 असा लागोपाठ दोनदा. त्यानंतर 1970-71 मध्ये मुंबईने, 1992-93 मध्ये पंजाबने आणि 2013-14 मध्ये कर्नाटकने आपल्याला फायनलमध्ये अडवलं. म्हणजे आमच्या समितीतल्या एकाही सभासदाने महाराष्ट्राला करंडक उचलताना बघितलेलं नाही. भांडायला एवढं कारण पुरे.

भांडणाचा विषय ठरलेला: बाहेरचे खेळाडू घ्यायचे की नाही? 2025 पासून तर या विषयाला जास्तच धार आलीय. त्या वर्षी मुंबई सोडून पृथ्वी शॉ आपल्याकडे आला आणि केरळ सोडून जलज सक्सेना आला. त्याच्या आदल्या वर्षी विदर्भाचा रजनीश गुरबानी आला होता. नियमाप्रमाणे असे तीन पाहुणे चालतात. तीन म्हणजे अकराच्या पाव भागाहून जास्त! समितीचे लगेच दोन तट पडले.

एका तटाचे नेते म्हणजे बँकेतून रिटायर झालेले काका. त्यांचं म्हणणं, "आपली पोरं वर्षानुवर्षं क्लब क्रिकेटमध्ये घाम गाळणार आणि ऐनवेळी बाहेरचा येऊन खुर्चीत बसणार? मग टीमला महाराष्ट्र कशाला म्हणायचं?" दुसऱ्या तटाचा नेता अभ्यासिकेत एमपीएससी करणारा एक मुलगा. तो म्हणतो, "काका, 1941 पासून आपलीच पोरं खेळवतोय ना? मिळाला का करंडक?" गंमत म्हणजे हाच गडी राजवर्धन हंगरगेकरचं नाव निघालं की एकदम काकांच्या तटात जातो, कारण हंगरगेकर तुळजापूरचा आणि हाही तिकडचाच. तिथे मात्र "आमचा राजवर्धन".

मी? मी बरीच वर्षं काकांच्या तटात होतो. त्यामागे थोडं ऑफिसही होतं. आमच्या क्षेत्रात हे रोजचंच आहे. प्रोजेक्ट अडकलं की बाहेरून सीनियर आणायचा, त्याला दीडपट पगार द्यायचा, आणि तीन वर्षं रात्री जागून सिस्टिम सांभाळणाऱ्याने त्याला सगळं समजावून सांगायचं. अशा वेळी तुमची सहानुभूती कुठे जाणार?

पण एकदा मी जुनी पानं चाळायला बसलो आणि गोची झाली. विजय हजारे आपल्या पहिल्या सुवर्णकाळातले. 1939-40 मध्ये पुण्यात त्यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद 316 काढल्या. आणि पुढे गेले कुठे? बडोद्यालाच! भाऊसाहेब निंबाळकरांनी डिसेंबर 1948 मध्ये पूना क्लबवर काठियावाडविरुद्ध नाबाद 443 केल्या. ब्रॅडमनच्या 452 ला नऊ धावा कमी असताना समोरच्या टीमने सामनाच सोडून दिला, ही गोष्ट पुण्यात शाळकरी पोरांनाही माहीत असते. हेच निंबाळकर बडोद्याकडूनही खेळले, होळकरांकडूनही आणि रेल्वेकडूनही. आणि अगदी अलीकडचं बघायचं तर आपला हृषिकेश कानिटकर. राजस्थानने पहिल्यांदा रणजी जिंकली 2010-11 मध्ये, पुढच्या वर्षी पुन्हा जिंकली, आणि दोन्ही वेळा कॅप्टन हा पुण्याचा माणूस. तेव्हा जयपूरच्या एखाद्या चहावाल्याकडे बसलेले काका काय म्हणाले असतील? आम्ही मात्र इथे कॉलर ताठ करून फिरत होतो. म्हणजे आपला माणूस बाहेर जाऊन जिंकला की अभिमान आणि बाहेरचा आपल्याकडे आला की अन्याय, असा हा हिशोब.

बरं, मग दुसरा तट बरोबर का? तिथेही गडबड आहे. ते विदर्भाचं उदाहरण देतात. बघा, विदर्भाने 2017-18, 2018-19 आणि 2024-25 असा तीनदा करंडक नेला. आधी मुंबईचा वसीम जाफर होता, नंतर कर्नाटकचा करुण नायर. खरं आहे. पण अर्धं खरं आहे. 2017-18 च्या फायनलमध्ये हॅटट्रिक घेतली ती गुरबानीने, आणि तो तेव्हा विदर्भाच्याच मुशीतून आलेला होता. 2024-25 च्या फायनलमध्ये करुण नायरच्या जोडीला शतक ठोकलं ते दानिश मालेवारने, नागपूरच्या पोराने, पहिल्याच रणजी हंगामात. पाहुणा आला म्हणून नुसता करंडक येत नाही. पाहुण्याच्या शेजारी उभं राहायला घरचा कोणीतरी तयार असावा लागतो.

आणि हे आम्हाला ऑक्टोबर 2025 मध्येच दिसलं होतं. हंगामातला पहिलाच सामना, केरळविरुद्ध, तिरुवनंतपुरमला. पहिले चारही बॅट्समन शून्यावर. त्यात एक पाहुणा आणि तीन घरचे, त्यामुळे कोणत्याच तटाला टाळी वाजवायची सोय नाही. पाच बाद 18. मग डाव सावरला कोणी? सांगवीच्या ऋतुराज गायकवाडने 91 काढून आणि जलज सक्सेनाने 49 काढून, तेही जलज ज्या केरळकडून इतकी वर्षं खेळला त्याच केरळविरुद्ध. त्या दिवशी अमृततुल्यात शांतता होती. एक घरचा, एक बाहेरचा, आणि दोघांनी मिळून लाज राखलेली. पुढे शॉने चंडीगडविरुद्ध द्विशतक मारलं तेव्हा काकाच आधी फोन करून सांगत होते. "बघितलंस का आपल्या पृथ्वीने काय केलं?" आपल्या!

तो "आपल्या" शब्द माझ्या डोक्यात राहिला. म्हणून नोव्हेंबरमध्ये कर्नाटकविरुद्धच्या सामन्याला मी चक्क एक दिवस रजा टाकून गहुंजेला गेलो. लाजत कबूल करतो, इतकी वर्षं टीम निवडतोय पण मैदानात जाऊन रणजी बघायची ती माझी पहिलीच वेळ. तिकीट वगैरे भानगड नसते, सरळ जाऊन बसायचं. स्टेडियम हजारोंचं आणि माणसं बोटांवर मोजण्याइतकी. बॉल बॅटवर लागल्याचा आवाज आधी ऐकू येतो, मग तो कुठे गेला ते दिसतं. टीव्हीवर कधी न दिसणाऱ्या गोष्टी दिसतात. स्लिपमधला पाय मोकळा करतो, कीपर प्रत्येक ओव्हरला काहीतरी ओरडतो, फिरकीवाला त्याच त्या टप्प्यावर अर्धा-अर्धा तास टाकत राहतो आणि समोरच्याची चुळबुळ वाढत जाते.

पण माझं लक्ष होतं एका वेगळ्याच पोराकडे. राखीव खेळाडूंचं जाकीट घातलेला, दर थोड्या वेळाने पाण्याच्या बाटल्या घेऊन पळत आत जाणारा. कोणाचे ग्लोव्ह्ज वाळत घाल, कोणाला निरोप दे, ड्रिंक्समध्ये चार बॉल फेकून घे. दिवसभर एक मिनिट बसला नाही. आणि मला त्याचं नाव माहीत नव्हतं. मी, समितीचा ज्येष्ठ सभासद, ज्याला "आपल्या पोरांवर" होणाऱ्या अन्यायाबद्दल अर्धा तास बोलता येतं, मला ते आपलं पोर ओळखता आलं नाही.

परत येताना गाडीत मला आमच्या टीममधला एक ज्युनियर आठवत होता. दोन वर्षं रात्रीचा सपोर्ट त्याने निमूट सांभाळला. रिलीजची टीम ठरवताना त्याचं नाव मी एक्सेलमध्ये सगळ्यात शेवटी लिहायचो, कारण त्याचं काम मी कधी बघितलंच नव्हतं. बंद पडलेलं काही नसायचं, मग बघणार काय? त्याने राजीनामा दिला तेव्हा मी तावातावाने म्हणालो होतो की कंपनीला आपल्या माणसांची किंमत नाही. कंपनी म्हणजे कोण होतं तिथे? मीच की.

तर मला म्हणायचंय ते असं. आमच्या भांडणात खरी अडचण बाहेरचा की घरचा ही नाहीच. आम्ही बघत नाही, ही आहे. बघत नाही म्हणून फक्त नावं माहीत असतात, आणि नावं माहीत असतात ती आयपीएलवाल्यांची. मग पहिल्या चार नावांवर आम्ही सगळी ताकद घालवतो. ऋतुराजला भारताकडून बोलावणं आलं, कोणाचा खांदा दुखावला, की खेळणार असतो तेरावा-चौदावा. हंगाम पुष्कळदा तोच ठरवतो. त्याच्याबद्दल एक वाक्य बोलायला आमच्याकडे काही नसतं, आणि तरी आम्ही त्याच्याच नावाने गळा काढतो.

पूर्वी असं नसावं. प्रोफेसर देवधर इथेच, आमच्या एस. पी. कॉलेजात संस्कृत शिकवायचे. 1940-41 मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळीसाव्या वर्षी त्यांनी मुंबईविरुद्ध 246 केल्या आणि त्याच हंगामात करंडक आणला. ज्यांना सकाळी वर्गात बघायचं त्यांनाच दुपारी मैदानात बघायचं, असं ते असणार. काकांच्या तरुणपणी नेहरू स्टेडियम होतं, पेठेतून चालत वीस मिनिटं. 29 फेब्रुवारी 1996 ला केनियाने वेस्ट इंडिजला हरवलं ते काकांनी तिथे बसून बघितलंय आणि अजून सांगतात. 2012 मध्ये गहुंजेचं स्टेडियम सुरू झालं. देखणं आहे, पण पेठेतून पंचवीसेक किलोमीटर. काका तिथे एकदाही गेलेले नाहीत. त्यांची चूक म्हणत नाही मी, गुडघ्यांचा प्रश्न आहे. पण तुमच्या-माझ्या गुडघ्यांना काय झालंय? हिंजवडीला रोज जातोच ना आपण? गहुंजे त्याच्या जरासंच पुढे.

म्हणून या रविवारी मी समितीत ठराव मांडला. यंदा ज्याने निदान एक दिवस मैदानात जाऊन रणजी बघितली असेल त्यालाच टीम निवडायचा अधिकार. एमपीएससीवाला म्हणाला, "दादा, माझी प्रीलिम आहे." एकाने विचारलं, तिथे चहा मिळतो का. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग कप खाली ठेवत म्हणाले, "तू गाडी काढणार असशील तर मी येतो. मात्र परत येताना मला घराच्या दारात सोडायचं, कोपऱ्यावर नाही."

ठरलं. गहुंजेला पहिला सामना कधी ते कळलं की रजा टाकतोय. गाडीत अजून तीन जागा आहेत. आणि यावेळी मला त्या पाणी घेऊन पळणाऱ्या पोराचं नाव विचारून यायचंय.