गुदद्वाराजवळची खाज जातच नाही? ती नेहमी नायटा किंवा मूळव्याधच असेल असं नाही

जागा अशी, की घरातही सांगायची लाज वाटते. त्यामुळे रोह्याला लागून असलेल्या वरसे गावातला माणूस असो की मुंबईतला, पहिला उपाय ठरलेला: मेडिकलमधून एक ट्यूब आणायची. खाज थांबते. मग परत येते.

बहुतेक वेळा हा नायटा, फिशर किंवा मूळव्याधच असतो, त्यामुळे लगेच घाबरू नका. पण फार थोड्या लोकांना याच जागी त्वचेचा एक दुर्मिळ कॅन्सर होतो. त्याचं नाव पॅजेटचा आजार. ब्रिटिश सर्जन जेम्स पॅजेट यांनी १८७४ मध्ये स्तनाग्रावरच्या अशा चट्ट्याचं वर्णन केलं होतं. गुदद्वाराभोवती तो होतो याची नोंद १८९३ मधली आहे.

अडचण ही की तो दिसतो इसबासारखा. लालसर, ओलसर चट्टा, खाज, जळजळ, कधी थोडं रक्त. बहुतेक रुग्ण पन्नाशी ओलांडलेले असतात.

मेडिकलमधल्या अनेक ट्यूबांमध्ये स्टिरॉइड असतं. त्याने सूज आणि खाज कमी होते, कॅन्सरच्या पेशी मात्र तिथेच राहतात. अशी अनेक मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम केंद्र सरकारने २०१८ मध्ये केला. तरी ती किती सहज मिळतात, हे तुम्हाला सांगायला नको. एसटी स्टँडजवळच्या भिंतींवरच्या 'मूळव्याध-भगंदर, खात्रीशीर इलाज' या जाहिरातींतही वेळ जातो तो वेगळाच.

मग ओळखायचं कसं? नुसतं बघून नाही. महिना-दीड महिना नीट उपचार करूनही चट्टा राहिला, तर बायोप्सी करायला हवी. जागा बधिर करून त्वचेचा लहानसा तुकडा काढतात. निदान पक्कं झालं की कोलोनोस्कोपीही करतात, कारण काही रुग्णांमध्ये आत गुदाशयात किंवा गुदमार्गात दुसरा कॅन्सर असतो. हे राहून गेलं तर फक्त वरची कातडी बरी होते.

मुख्य उपचार शस्त्रक्रिया. चट्ट्याच्या कडेची निरोगी दिसणारी त्वचाही काढावी लागते, कारण पेशी डोळ्यांना दिसतं त्यापलीकडे पसरलेल्या असतात. जखम मोठी असेल तर दुसरीकडची त्वचा लावतात. शस्त्रक्रिया झेपणार नसेल तर रेडिएशन किंवा इमिक्विमॉड हे मलम वापरलं जातं. आजार वरच्या थरातच असेल तर आयुष्याला धोका कमी. मात्र तो पुन्हा उद्भवतो, कधी कधी अनेक वर्षांनी.

वरशाच्या माणसासाठी सुरुवात रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयापासून, नाहीतर अलिबागच्या जिल्हा रुग्णालयापासून होऊ शकते. पुढे टाटा मेमोरियलचं अॅक्ट्रेक केंद्र खारघरला, म्हणजे रायगड जिल्ह्यातच आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरवरचे अनेक उपचार बसतात. तपासणीसाठी मात्र पुढची काही वर्षं ठरावीक महिन्यांनी जावं लागतं, आणि त्या दिवसाची बुडालेली मजुरी या योजनेत बसत नाही.