गुळवेल विका, पण ओळख पटवूनच



पाऊस धरला की आंबेनळी घाटाखाली आमच्याकडे आंब्यावर, कुंपणावर गुळवेलीला नवी पानं फुटतात. कोरोनाआधी तिला फारसं कोणी विचारत नव्हतं. आता मागणी आहे, म्हणून दोन शब्द.

माझं मत सरळ आहे. गुळवेलीत दम आहे, म्हणूनच ती बेतानं घ्यायची आणि खात्री करूनच विकायची.

दम आहे हे मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी तपासून दाखवलं. पित्तनळी अडून कावीळ झालेल्या रुग्णांना गुळवेल दिली, तेव्हा जंतुसंसर्ग कमी दिसला. हे काम १९९३ साली छापून आलं. शरीरातल्या भक्षक पेशी जंतू गिळतात, ते काम जोमानं होतं.

पण याच पेशी रसायनं सोडून सूज आणि दाहही करतात. प्रयोगशाळेत गुळवेलीच्या काही अर्कांनी ही रसायनं कमी झाली, काहींनी वाढली. म्हणजे अर्क कशात काढला, पेशी कुठल्या स्थितीत आहे, यावर सगळं ठरतं. भाताला युरिया लागतो, म्हणून दुप्पट टाकला तर पीक लोळतं. तसंच हे.

२०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले. २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांमधून असे ४३ रुग्ण नोंदले गेले. त्यातल्या बऱ्याच जणांची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटलेली होती. आयुष मंत्रालयाचं म्हणणं, गुळवेल सुरक्षित आहे, पण तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा घातक ठरू शकते. वाद राहू दे. दोन्ही बाजूंनी आपल्यासाठी काम एकच निघतं.

ओळख पक्की करा. खऱ्या गुळवेलीचं पान गुळगुळीत, बदामाच्या आकाराचं असतं. सालीचा पापुद्रा निघतो, खाली हिरवं दिसतं. पान लवदार असेल किंवा खोडावर ठळक गाठी असतील, तर ती वेल बाजूला ठेवा. शंका आली तर वनस्पती ओळखणाऱ्या जाणकाराला दाखवा.

मुळासकट ओरबाडू नका. जून खोड तेवढं कापा, खालचा भाग राखा. पावसाच्या तोंडाशी पेन्सिलीएवढ्या जाड काड्या लावल्या की जगतात.

संधिवात, थायरॉईड, यकृताचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढा घेऊ नका. महिनोन् महिने तर कोणीच नको. काढा घेताना डोळे पिवळे दिसले की थांबा आणि दवाखाना गाठा.

ठाणे जिल्ह्यात शहापूरच्या कातकरी तरुणांनी वनधन केंद्रातून मोठ्या कंपन्यांना गुळवेल पुरवली. महाड-पोलादपुरातल्या आमच्या वाड्यांनाही ते जमेल. पण भाव टिकतो तो भरवशावर. एका पोत्यात चुकीची वेल गेली, तर नुकसान रोग्याचं आणि नाव खराब आपलं.

तुमच्या भागात गुळवेल कशी ओळखतात? जाणकारांनी जरूर लिहा.