ग्रंथालयांचा डिजिटल निधी कोणाच्या दारी?

पदवीचा निकाल लागतो, ओळखपत्राची मुदत संपते आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा पासवर्ड बंद होतो. ज्यांच्या घरी पुस्तके, लॅपटॉप आणि ओळखीचे चार प्राध्यापक असतात, त्यांना हा बदल फारसा जाणवत नाही. घरातली पहिली पदवीधर मुलगी किंवा मुलगा मात्र त्या दिवशी पुन्हा दाराबाहेर येतो. स्पर्धा परीक्षेची तयारी, परदेशी शिष्यवृत्तीचा अर्ज, पीएच.डी.चा प्रस्ताव हे सगळे नेमके याच काळात करायचे असते आणि ते सगळे ऑनलाइन असते. तेव्हा आधार उरतो तो सार्वजनिक ग्रंथालयाचा. म्हणूनच या ग्रंथालयांच्या डिजिटल सेवांसाठीचा पैसा कुठे जातो, हा आपला प्रश्न आहे.

महाराष्ट्रातून यूपीएससीसाठी दिल्लीला गेलेल्यांना, त्यात बार्टीच्या मदतीने गेलेलेही आले, एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात कळते. मुखर्जीनगर किंवा जुन्या राजेंद्रनगरात ‘लायब्ररी’ म्हणजे बहुधा भाड्याची खुर्ची. महिन्याचे पैसे भरा. टेबल, वायफाय आणि एसी घ्या. पुस्तक आपले आपण आणा. २७ जुलै २०२४ रोजी जुन्या राजेंद्रनगरात एका कोचिंगच्या तळघरातल्या अशाच अभ्यासिकेत पावसाचे पाणी घुसले आणि तीन विद्यार्थ्यांचा जीव गेला. त्यानंतर बेकायदा तळघरांवर चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण शहरात हक्काची, फुकट आणि सुरक्षित बसण्याची जागा पुरेशी असती तर इतकी मुले तळघरात का बसली असती, हा प्रश्न मागेच राहिला.

दिल्लीत अशा जागेची सुरुवात फार पूर्वी झाली होती. युनेस्को आणि भारत सरकारच्या प्रायोगिक प्रकल्पातून उभ्या राहिलेल्या दिल्ली पब्लिक लायब्ररीचे उद्घाटन २७ ऑक्टोबर १९५१ रोजी जुन्या दिल्ली स्टेशनसमोर पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. नुकते वाचायला शिकलेले प्रौढ हा तिच्या विचाराचा केंद्रबिंदू होता. ग्रंथ प्रदान कायदा १९५४ नुसार देशात प्रकाशित होणाऱ्या पुस्तकांची प्रत तिच्याकडे येणे अपेक्षित आहे, मराठी पुस्तकांचीही. म्हणजे आपले साहित्य दिल्लीत कायद्याने पोहोचायला हवे. ते वाचकाला सापडते का, ही खरी कसोटी.

पैसा अजिबात नाही, असे नाही. राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून ग्रंथालयांना साहाय्य देते. २०१४ मध्ये राष्ट्रीय ग्रंथालय अभियान सुरू झाले. त्यातल्या आभासी ग्रंथालयाच्या कल्पनेतून २०१९ मध्ये ‘इंडियन कल्चर’ हे पोर्टल उभे राहिले. दुर्मीळ ग्रंथ आणि हस्तलिखिते पाहण्यासाठी ते चांगले आहे. पण उद्या अर्जाची शेवटची तारीख असलेल्या मुलीला त्याचा उपयोग नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’साठी तीन वर्षांचे ६,००० कोटी रुपये मंजूर केले. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके त्यातून मिळतात, पण सरकारी उच्च शिक्षणसंस्था आणि संशोधनसंस्थांतल्यांनाच. पुढे कधी तरी सार्वजनिक ग्रंथालयांतून ही सोय सर्वांना देण्याची चर्चा आहे. आमचे म्हणणे एवढेच, की ते ‘पुढे कधी तरी’ आत्ताच यायला हवे. करदात्यांच्या पैशातून घेतलेले ज्ञान प्रवेशपत्र असलेल्यांपुरते राहिले, तर जुनीच कुंपणे नव्या तारेने बांधल्यासारखे होईल.

‘सगळे मोबाईलवर मिळते, आता ग्रंथालय कशाला?’ असे विचारणारे भेटतात. जातीचा दाखला ठरवून दिलेल्या केबीत बसवून अपलोड करताना, तासाभरात बंद होणाऱ्या संकेतस्थळावर वीस पानी अर्ज भरताना मोबाईल किती कामाचा असतो, हे ज्याने केले त्याला विचारा. मग सायबर कॅफेत पैसे द्यायचे आणि वर आपला पासवर्ड आणि ओटीपीही दुकानदाराला सांगायचा. ग्रंथालयात स्कॅनर, प्रिंटर आणि शेजारी बसून मदत करणारा प्रशिक्षित माणूस असला, तर ही लाचारी संपते.

म्हणून निधी यंत्रांइतकाच माणसांवर खर्च व्हावा. ग्रंथपालाचे पद रिकामे ठेवून संगणक खरेदी केले, तर त्यांच्यावर आच्छादनच चढते. ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर मान्यवरांच्या छायाचित्रांआधी वेळ, रिकाम्या जागा, सदस्यत्वाचे नियम आणि चौकशीचा क्रमांक असावा. ग्रंथसूची देवनागरीत शोधता यावी; ‘बलुतं’ शोधणाऱ्याला रोमन लिपीतल्या चार स्पेलिंगचा अंदाज बांधत बसावे लागू नये.

सदस्यत्वाचा मुद्दा एनसीआरमध्ये आणखी अवघड आहे. हरियाणात १९८९ चा आणि उत्तर प्रदेशात २००६ चा ग्रंथालय कायदा आहे. दिल्लीत तसा कायदा नाही. खोली गाझियाबादला, काम नोएडात, क्लास दिल्लीत असे जगणाऱ्याने कोणत्या पत्त्याचा पुरावा द्यायचा? आडनाव ऐकून खोली नाकारणारे घरमालक आहेत, आणि खोली दिली तरी भाडेकरार न देणारेही आहेत. पत्त्याच्या कागदावर अडणारे सदस्यत्व त्यांचाच पूर्वग्रह पुढे चालवते. निधी देताना अट घालायचीच असेल, तर ही घाला: आत बसून वाचायला आणि संगणक वापरायला कोणताही कागद लागणार नाही.

बाबासाहेबांनी जुलै १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, तेव्हा वसतिगृहांसोबत वाचनालये उघडणे हेही तिच्या उद्दिष्टांत होते. राजगृह बांधताना त्यांनी ग्रंथांसाठी जागा आखली. पुस्तक आणि ते वाचायला हक्काची जागा, दोन्ही एकत्र लागतात, हे त्यांना अनुभवाने माहीत होते.

आपण काय करू शकतो? माहितीचा अधिकार आपल्या हातात आहे आणि केंद्र सरकारच्या कार्यालयात अर्जाला दहा रुपये लागतात. आपल्या भागातल्या सरकारी ग्रंथालयाला चार गोष्टी विचारा. गेल्या तीन वर्षांत डिजिटल सेवांसाठी किती निधी आला? तो कशावर खर्च झाला? मंजूर पदांपैकी किती रिकामी आहेत? वाचकांसाठीचे किती संगणक आज चालू आहेत? आलेले उत्तर भिंतीवर लावा, गटात वाचा, नगरसेवकाला दाखवा. आपण आत शिरलो ते कोणी तरी दार धरून ठेवले म्हणून. आता ते धरायची पाळी आपली आहे.