बट्टा : जुना आणि नवा

पेशवाईंत परगांवीं निघालेल्या गृहस्थाला आधीं सराफाची पेढी गांठावी लागे. पुण्याकडे अंकुशी रुपया, नाशिकाकडे चांदवडी, निजामाच्या मुलुखांत आणखी निराळा. टांकसाळ बदलली कीं रुपयाचें मोल बदले, आणि नाणें बदलून देतांना सराफ जी कसर कापून घेई तिला बट्टा म्हणत. सगळेच सराफ धर्मात्मे होते असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु रुपया समोर पारखला जाई, बट्टा तोंडावर सांगितला जाई, आणि न पटल्यास गिऱ्हाइकाला आपला रुपया उचलून पलीकडच्या पेढीवर जातां येई. आज तो सराफ दृष्टीआड झाला आहे; बट्टा मात्र गेलेला नाहीं. मोबाईलच्या पडद्यावरून परदेशचें विमान, निवास वा सहल ठरविणाऱ्या पुष्कळ कुटुंबांना तो द्यावा लागतो, आणि तो दिल्याचें पुष्कळांना महिन्यानें कळतें. या नव्या बट्ट्याचा विचार आज करावयाचा आहे.

आमच्या परिचयांतील एका एकत्र कुटुंबाची गोष्ट पाहा. थोरले चिरंजीव नोकरीनिमित्त सिंगापुरास असतात. त्यांची जागा लहान, म्हणून सासूसासऱ्यांसाठीं जवळच पांच दिवसांच्या निवासाची सोय धाकट्या सूनबाईंनीं ऑनलाइन केली. पडद्यावर ४०,००० रुपये हा आंकडा होता. तोच त्यांनीं घरच्या वहींत लिहिला. पुढें बँकेचें बिल आलें तें ४१,६५२ रुपयांचें. घरांत कोणी आवाज चढविला नाहीं. मामंजींनीं वहीवर बोट ठेवून “सूनबाई, हे वरचे कसले?” एवढेंच विचारलें. परंतु दहा माणसांच्या घरांत पैशाबद्दल विचारलेला असा प्रश्न लहान नसतो. त्या मुलीला दोन दिवस अन्न गोड लागलें नाहीं.

बिल नीट पाहिल्यावर उलगडा झाला. रुपयांतील आंकडा केवळ माहितीसाठीं असून पैसे सिंगापूरच्या डॉलरांत घेतले जातील, असें संकेतस्थळाच्या तळाशीं बारीक अक्षरांत छापलें होतें. व्यवहार परकीय चलनांत झाला, म्हणून बँकेनें शेंकडा साडेतीन प्रमाणें १,४०० रुपये आकार लावला, आणि त्या आकारावर शेंकडा १८ प्रमाणें वस्तु व सेवा कर २५२ रुपये. डॉलरचा भाव मधल्या काळांत हलला नाहीं हें नशीब; नाहींतर तोही फरक पडता. सूनबाईंचा हिशेब बरोबर होता. किंमत सांगणाराने ती अर्धी सांगितली होती.

हा बट्टा तीन वेषांत येतो. ते ओळखून ठेवावे.

पहिला वर आलाच आहे : व्यवहार परकीय चलनांत झाल्यावर आपली बँक लावते तो आकार. बहुतेक क्रेडिट कार्डांवर तो शेंकडा दोन ते साडेतीन असतो. हा आकार बेकायदेशीर नव्हे. बँकेच्या दरपत्रकांत तो लिहिलेला असतो. तो आधीं वाचून कार्ड निवडणें एवढेंच आपल्या हातीं आहे.

दुसरा वेष फार गोड आहे. पैसे देतांना पडदा विचारतो, “तुमच्या सोयीसाठीं रुपयांत पैसे घेऊं का?” आपल्याला वाटतें, रुपया घरचा, तोच बरा. परंतु येथें चलन बदलण्याचें काम आपल्या बँकेऐवजीं व्यापारी व त्याचा दलाल करतात, आणि आपला नफा भावांतच मिसळून टाकतात. समजा, वरील ४०,००० रुपयांवर त्यांनीं भावांतच शेंकडा पांच चढविले, तर ४२,००० झाले. शिवाय व्यापारी परदेशांतला म्हणून कित्येक बँका अशा रुपयांतल्या व्यवहारावरही शेंकडा एकच्या आसपास आकार लावतात. तो व त्यावरील कर धरून ४२,४९५ रुपये ६० पैसे झाले. म्हणजे सोयीचा रुपया ८४३ रुपये ६० पैशांनीं महाग पडला. हा पर्याय स्वीकारावा कीं नाहीं हें ठरविण्याचा अधिकार कार्डधारकाचा आहे, असा कार्ड चालविणाऱ्या मोठ्या कंपन्यांचा नियमच आहे. तेव्हां बहुधा त्या देशाचें चलन निवडणें हेंच शहाणपणाचें.

तिसरा वेष सर्वांत फसवा. संकेतस्थळ मराठींत वा हिंदींत बोलतें, किंमत रुपयांत सांगतें, आणि रुपयांतच घेतें. परंतु पैसे जमा होतात ते परदेशांतील बँकेंत. मग वर सांगितलेला शेंकडा एकचा आकार येथेंही लागूं शकतो. आरक्षण रद्द केल्यास आणखी एक कसर लागते. परतीची रक्कम त्या दिवसाच्या भावानें येऊं शकते आणि बँकेचा आकार बहुधा परत मिळत नाहीं. ‘पूर्ण परतावा’ हे शब्द वाचतांना एवढें ध्यानांत असूं द्यावें.

आतां कायदा काय म्हणतो तें पाहूं. परदेशी मालावर किती नफा घ्यावा हा प्रश्न आपल्याकडे नवा नाहीं. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत व्यापाऱ्याला स्वदेशी मालावर शेंकडा पांच व परदेशी मालावर शेंकडा दहा इतकाच नफा मोकळा ठेवला होता आणि त्याहून अधिक घेणारास दंड सांगितला होता. आजचा कायदा नफा ठरवून देत नाहीं. पण किंमत पूर्ण सांगा, असें मात्र बजावतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालीं २०२० साली ई-वाणिज्याचे नियम झाले. त्यांनुसार विक्रेत्यानें एकूण किंमत एकाच आंकड्यांत सांगून तिची फोड द्यावयाची असते. आणि ग्राहकाची संमती त्यानें स्वतः स्पष्टपणें दिलेली असली पाहिजे, आधींच खूण करून ठेवलेल्या चौकटी चालत नाहींत. परदेशांत नोंदलेला, परंतु भारतीय ग्राहकांशीं पद्धतशीर व्यापार करणारा विक्रेताही या नियमांतून सुटत नाहीं. ३० नोव्हेंबर २०२३ रोजीं निघालेल्या मार्गदर्शक सूचनांत फसव्या मांडणीचे तेरा प्रकार वर्ज्य ठरविले आहेत. किंमत थेंबाथेंबानें उघड करणें आणि न विचारतां टोपलींत भर घालणें हे त्यांतलेच दोन.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. भारतांतच मिळणाऱ्या मालाचे वा सेवेचे पैसे भारतीय कार्डानें ऑनलाइन दिले, तर तो व्यवहार भारतांतील बँकेमार्फत व रुपयांतच पुरा झाला पाहिजे, असें रिझर्व्ह बँकेनें ऑगस्ट २०१४ मध्यें स्पष्ट केलें. तेव्हां महाबळेश्वरच्या खोलीचें बिल डॉलरांत आलें, तर ‘असें कां?’ हें बँकेला लेखी विचारावें.

विचारावयाचें कसें, तेंही क्रमानें सांगतों. पैसे देण्यापूर्वीं आंकड्याशेजारचें चलनाचें चिन्ह पाहावें आणि शेवटच्या पानाचें चित्र मोबाईलमध्यें टिपून ठेवावें. तोच आपला पुरावा. कार्डाचा परदेशी वापर आपल्याला हवा तेव्हां सुरू वा बंद करतां येतो व त्याची मर्यादा ठरवितां येते. ही सोय बँकांनीं द्यावी असा दंडक २०२० पासून आहे. परदेशी खरेदी नसेल तेव्हां तो वापर बंदच ठेवावा.

पैसे अधिक गेले असतील, तर प्रथम विक्रेत्याच्या तक्रार-अधिकाऱ्याला लिहावें. त्यानें ४८ तासांत पोंच द्यावी व एका महिन्यांत निवारण करावें, असा नियम आहे. त्याच वेळीं बँकेकडेही लेखी हरकत नोंदवावी. बँकेनें ३० दिवसांत उत्तर दिलें नाहीं वा दिलेलें पटलें नाहीं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जातां येतें; मात्र तेथें बँकेच्या कामांतील उणीव दाखवावी लागते, विक्रेत्याची नव्हे. विक्रेत्याविरुद्ध १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर सांगावें. त्यानेंही काम न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोग आहे. तेथें आपण राहतों त्याच जिल्ह्यांत दावा लावतां येतो, दिलेलें मोल पांच लाखांपर्यंत असेल तर शुल्क पडत नाहीं, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.

कोणी म्हणेल, सोळाशें रुपयांसाठीं एवढा खटाटोप कोण करतो? कोणी करीत नाहीं, याच भरंवशावर बारीक अक्षरें छापलीं जातात. एका घराचे सोळाशें थोडे असतील. लक्षावधि घरांचे मिळून ते थोडे राहत नाहींत. शिवाय घरांतला तोटा नुसता पैशाचा नसतो. हिशेब ठेवणाऱ्या माणसाकडे, आणि बहुधा ती घरची सूनच असते, संशयानें पाहिलें जातें, हा तोटा कोणताही आयोग भरून देऊं शकत नाहीं. म्हणून वडीलधाऱ्यांस विनंति अशी कीं, आंकडा जुळला नाहीं तर माणसाला जाब विचारण्यापूर्वीं बिलाला विचारावा.

आणि वही लिहिणाऱ्या आमच्या भगिनींस एक सूचना. परदेशी व्यवहाराच्या पानावर दोन रकाने आंखावे : एकांत सांगितलेली किंमत, दुसऱ्यांत घेतलेली. दोहोंमधील फरकापुढें ‘बट्टा’ असा स्पष्ट शब्द लिहावा, आणि तो कोणी व कशाबद्दल घेतला तेंही लिहावें. ज्या बट्ट्यापुढें घेणाराचें नांव लिहितां येणार नाहीं, तोच परत मागावयाचा, असें समजावें.