तो प्यालेला नाही: वाशिम जिल्ह्यातल्या घरोघरी तातडीचं आवाहन

वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा तालुक्यांतल्या बंधू-भगिनींनो,

पाय फाकवून, भिंतीचा आधार शोधत चालणारा एखादा माणूस तुमच्या गावात असेल. पेला ओठांशी नेताना त्याचं निम्मं पाणी अंगावर सांडतं. बोलणं जड झालंय, शब्द तुटक येतात. पारावरचे लोक म्हणतात, "सकायी सकायीच ढोसून आला वाट्टे." बाई असेल तर म्हणतात, "तिले बाहेरचं झालं." हात जोडून विनंती आहे, असा शिक्का मारू नका. या माणसाला अटॅक्सिया असू शकतो. याची काही कारणं अशी आहेत की वेळेवर सापडली तर चाल सुधारते आणि उशीर झाला तर मेंदूचं झालेलं नुकसान भरून येत नाही. म्हणून हे आज लिहितोय, आणि आजच वाचा म्हणतोय.

अटॅक्सियात बहुतेक वेळा स्नायूंत ताकद असते, पण त्यांचा मेळ बसत नाही. कोणत्या स्नायूने कधी आणि किती ओढायचं हे डोक्याच्या मागच्या भागातला लहान मेंदू ठरवतो. तो बिघडला की चाल, हात, बोलणं आणि डोळ्यांची हालचाल सगळंच डळमळतं. कधी लहान मेंदू शाबूत असतो, पण पाय जमिनीवर नेमका कुठे आहे ही खबर नसांमधून आणि मज्जारज्जूतून वर पोचतच नाही. असा माणूस उजेडात बरा चालतो, अंधारात पडतो. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की त्याचा तोल जातो. घरात कुणाचं असं होत असेल तर बी-१२ जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्या. शाकाहारी घरांत ही कमतरता पुष्कळ आढळते आणि तिचा इलाज साध्या इंजेक्शनांनी होतो. तिसरा प्रकार आतल्या कानाचा. त्यात भोवळ आणि गरगर जास्त असते.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा ते आधी विचारतील, हे कधीपासून? याचं उत्तर घरच्यांकडे तयार हवं, कारण कारणाचा निम्मा शोध त्यातच लागतो.

काही मिनिटांत किंवा तासांत तोल गेला, सोबत उलटी, भोवळ, दुहेरी दिसणं, तोंड वाकडं होणं असं काही असलं तर तो पक्षाघात समजा आणि ताबडतोब १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. 'उद्या पाहू' म्हणत रात्र काढलीत तर ती वेळ हातची जाते. लहान मुलाला कांजिण्या येऊन गेल्यावर चालताना झोक जाऊ लागला तर घाबरू नका. बहुतेक मुलं काही आठवड्यांत बरी होतात, तरी डॉक्टरांना दाखवाच. पण मुलाचं डोकं दुखतंय, सकाळी उठल्या उठल्या उलटी होतेय आणि चाल बिघडत चाललीय, हे तिन्ही एकत्र दिसलं तर मेंदूतल्या गाठीची शक्यता असते. तिथे एक आठवडाही थांबू नका.

आठवड्यांत, महिन्यांत वाढत जाणाऱ्या अटॅक्सियामागे थायरॉईड कमी पडणं असतं, गव्हातल्या ग्लुटेनचा त्रास असतो, क्वचित शरीरात दुसरीकडे लपलेला कर्करोग असतो. फिट्सच्या गोळ्याही असतात. फेनिटॉइनची मात्रा रक्तात जास्त झाली की डोळे लकलकतात आणि चाल झिंगल्यासारखी होते. त्या गोळ्या मनाने बंद करू नका, नाहीतर फिट्सचा झटका जीवावर बेतेल. डॉक्टरांकडून मात्रा तपासून घ्या. आणि हो, दारूही आहेच. वर्षानुवर्षं पिणाऱ्याचा लहान मेंदू खरोखर झिजतो, आणि बी-१ संपलं की तो एकाएकी गोंधळतो, त्याचे डोळे अडकतात, पाय लटपटतात. अशा वेळी 'उतरेल' म्हणून त्याला ओसरीवर झोपवू नका. त्याला त्याच दिवशी थायमिनचं इंजेक्शन लागतं. प्यालेला माणूसही आजारी असू शकतो, हे आपण फार सहज विसरतो.

विदर्भात राहणाऱ्यांनी आणखी एक कारण ध्यानात ठेवावं, ते म्हणजे उष्माघात. लहान मेंदूतल्या पेशी उष्णतेपुढे फार लवकर हार खातात. ताप ४० अंशांच्या वर गेलेला, बेशुद्ध झालेला शेतमजूर वाचतो, पण पुढे तोल आणि वाचा गमावून बसू शकतो. त्याला सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि त्याच वेळी गाडी बोलवा. अंग जितक्या लवकर थंड होईल तितका मेंदू वाचेल.

आता वर्षानुवर्षं हळूहळू वाढणारा प्रकार, जो घराण्यात चालतो. मुंबईचे मेंदुविकारतज्ज्ञ डॉ. नोशिर वाडिया यांनी डॉ. स्वामी यांच्यासह १९७१ मध्ये भारतातल्या नऊ कुटुंबांचा अभ्यास जगापुढे मांडला. त्या रुग्णांचा तोल तर गेलाच होता, शिवाय डोळे एका बाजूकडून दुसरीकडे विलक्षण सावकाश सरकत होते. त्या काळी जनुकं तपासायची सोय नव्हती. वाडियांनी माणसं नीट पाहिली, त्यांच्या घरच्यांना विचारलं, पिढ्या मांडल्या. १९९६ मध्ये या आजाराचं जनुक सापडलं. आज जग त्याला एससीए-२ म्हणतं आणि भारतातल्या आनुवंशिक अटॅक्सियांत तो बराच आढळतो. आई किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी असते, आणि पुढच्या पिढीत तो बरेचदा कमी वयात सुरू होतो. आजोबा पन्नाशीत अडखळले, बाप पस्तिशीत, आणि लेकाचा पाय विशीतच लटपटतोय, अशी गोष्ट ऐकलीत तर तो शापही नाही आणि करणीही नाही.

दुसरा प्रकार आई-बाप दोघं ठणठणीत असताना मुलात उतरतो, कारण सदोष जनुकाची एकेक प्रत दोघांकडेही असते. मामाच्या मुलीशी किंवा आतेभावाशी लग्न झालेल्या घरांत हा धोका वाढतो. फ्रीड्राईक अटॅक्सिया त्यातलाच. शाळकरी वयात मूल वारंवार पडू लागतं, अक्षर बिघडतं, तळपाय कमानीसारखे होतात, पाठ वाकते. या मुलांचं हृदय तपासणं अत्यंत गरजेचं, कारण धोका तिथे असतो. अमेरिकेत २०२३ मध्ये यावर पहिलं औषध मंजूर झालं. पण हुबेहूब असाच दिसणारा एक आजार व्हिटॅमिन ई शरीरात न टिकल्याने होतो, आणि तो त्याच जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने रोखता येतो. एका रक्ततपासणीअभावी एखादं मूल चाकाच्या खुर्चीत जाऊन बसावं, हे मला सहन होत नाही.

म्हणून एक कागद घ्या. आजी-आजोबांपासून तीन पिढ्यांची नावं लिहा. कुणाची चाल बिघडली, कितव्या वर्षी, कुणाचं लग्न नात्यात झालं, सगळं लिहा. सुनेच्या माहेरचंही लिहा, पण तिच्यावर दोष ढकलण्यासाठी नव्हे. मोबाइलवर रुग्णाच्या चालण्याचा आणि बोलण्याचा छोटा व्हिडिओ काढा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका. हे घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि तिथून मेंदुविकारतज्ज्ञांकडे पाठवण्याची चिठ्ठी मागा. मुलीचं लग्न मोडेल म्हणून आजार लपवू नका. लग्नाआधी जनुकीय सल्ला घेणं हे लपवण्यापेक्षा दोन्ही घरांच्या भल्याचं आहे. मात्र धडधाकट लहान मुलांची जनुकीय तपासणी उगाच करू नका. तो निर्णय मोठं झाल्यावर त्यांनीच घ्यायचा.

आनुवंशिक प्रकारांपैकी बहुतेकांना आज मुळापासूनचा इलाज नाही. तरी रोजचे तोलाचे व्यायाम, बोलण्याचे आणि गिळण्याचे व्यायाम यांनी माणूस जास्त वर्षं स्वतःच्या पायावर राहतो. जेवताना ठसका लागणं हलकं घेऊ नका, अन्न फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. संडासात धरायला पाइप बसवा. त्याला विहिरीच्या काठावर, हडंब्याजवळ आणि दुचाकीवर पाठवू नका. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करा, तो त्याचा हक्क आहे.

आशाताईंनो, गृहभेटीत एवढं विचारा: कुणी वारंवार पडतं का? गुरुजींनो, कबड्डीत अचानक मागे पडलेलं पोर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवा. पोलीस बांधवांनो, झोकांड्या खाणाऱ्याच्या तोंडाला वास नसेल तर त्याला कोठडीत नव्हे, दवाखान्यात न्या. आणि आरोग्य प्रशासनाला जाहीर मागणी: २०२४ मध्ये वाशिमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे, तिथे मेंदुविकारांच्या ओपीडीचा वार पक्का करा आणि तो प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा, म्हणजे लटपटत्या पायांच्या माणसाला अकोला-नागपूरच्या खेपा घालाव्या लागणार नाहीत. सरपंचांनो, येत्या ग्रामसभेत हा ठराव घ्या आणि त्याची प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांना पाठवा.