रोटला आणि ओटला

मुंबईत रोटला मिळेल, पण ओटला मिळणार नाही, अशी एक म्हण गुजराती मंडळींत फार वर्षांपासून रूढ आहे. पोटाची सोय होईल, पाठ टेकावयास जागा मिळणार नाही, असा तिचा अर्थ. म्हणी काळाबरोबर जुन्या होतात. ही मात्र दर वर्षी नवी होत चालली आहे. परीक्षांचे निकाल लागले, की लातूर, जळगाव, सांगली, चंद्रपूरकडून येणाऱ्या गाड्यांतून नेमणुकीचे पत्र जवळ बाळगणारी मुलेमुली या शहरात उतरतात. नोकरी त्यांना लायकीवर मिळालेली असते. खोली मात्र लायकीवर मिळत नाही, हा मुंबईने त्यांस दिलेला पहिला धडा! आज त्याविषयी या जागी लिहिण्याचे कारण एवढेच, की हा धडा देणारे गुरुजी कोणी परके नव्हेत; ते आपणच आहोत.

पूर्वी मुंबईत जागेची चैन होती, असा भ्रम कोणी करून घेऊ नये. १८९६ च्या प्लेगने या शहरातील अंधाऱ्या, कोंदट वस्तीचे भीषण रूप उघडे केले, म्हणून १८९८ मध्ये सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला. १९२० नंतर वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे बी.डी.डी. चाळी उठल्या, त्यांतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची. गिरणगावात एका गावच्या मंडळींनी मिळून एक खोली घ्यावी, एकाची पाळी सुटली की त्याने दुसऱ्याच्या रिकाम्या अंथरुणावर अंग टाकावे, असा शिरस्ता होता. गोव्याच्या दर्यावर्दी मंडळींसाठी धोबीतलावाच्या बाजूस गावोगावचे कूड होते. ही दैन्याची व्यवस्था होती, यात शंका नाही. पण ती व्यवस्था होती. नव्याने आलेल्या माणसास रात्री कोणते दार ठोठवायचे, हे ठाऊक होते, आणि ते दार उघडत असे.

जेवणाचेही तसेच. गिरणी कामगारांच्या बायकांनी आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत चूल पेटवून खानावळी चालविल्या. त्यांच्या कष्टांवर कुटुंबे जगली आणि कुटुंबाविना राहणारे शेकडो पुरुषही जगले. या खानावळवाल्या बायांची सावकाराच्या पाशातून सुटका व्हावी, म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. माटुंग्यास १९४२ मध्ये रामा नायक यांनी उडुपी पद्धतीचे भोजनालय काढले. कोपऱ्याकोपऱ्यावर इराणी होता. त्याच्या संगमरवरी टेबलाशी चहाचा एक पेला घेऊन बसणाऱ्यास कोणी जात विचारीत नसे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, त्यांच्याबरोबर गावकीची खोली आणि खानावळही ओसरली. त्यांच्या जागी उंच मनोरे उभे राहिले. गिरण्यांच्या जमिनीतून शहरास मिळावयाचा मोठा वाटा २००१ मध्ये नियम बदलून आखडण्यात आला, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरविला. कष्टकऱ्यांच्या वस्तीतील ओटला अशा रीतीने हिशेबातून गेला.

आजचा नवागत पोटाच्या बाबतीत फारसा अडत नाही. वडापावची गाडी आहे, उडुप्याची थाळी आहे, मोबाइलवर मागविलेले जेवण दारात येते. पण दार? दलाल एक महिन्याचे भाडे दलाली म्हणून मागतो, मालक कित्येक महिन्यांची अनामत मागतो. म्हणजे पहिला पगार हाती पडण्यापूर्वीच बापाने कर्ज काढावे! हेही एक वेळ सोसता येईल. त्यानंतर होते ती उलटतपासणी. आडनाव काय, मूळ गाव कोणते, लग्न झाले आहे काय, मांसमच्छी खाता काय, मुलगी असल्यास रात्री किती वाजता परतता, भेटावयास कोण येते? आणि उत्तरे पसंत पडली नाहीत, की नकाराचे कारण कोणीही सांगत नाही. ‘खोली आत्ताच गेली हो’, एवढेच गोड शब्दांत सांगितले जाते. दुसऱ्या दिवशी त्याच खोलीची जाहिरात पुन्हा झळकते.

येथे एक विसंगती वाचकांच्या नजरेस आणून द्यावीशी वाटते. आपल्या घटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले यांत धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणासही मज्जाव करता येणार नाही, असे स्पष्ट बजावले. उपाहारगृहाचे दार त्या दिवशी उघडले. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाच्या राहत्या जागेत आडकाठी आणणे हाही १९५५ च्या कायद्याने गुन्हा आहे. परंतु धर्म, आहार, अविवाहितपण यांवरून खासगी घर नाकारणाऱ्यास पकडणारा स्पष्ट कायदा नाही. उलट, एका समाजापुरते सभासदत्व मर्यादित ठेवणारा अहमदाबादच्या एका गृहनिर्माण संस्थेचा उपविधी सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ग्राह्य धरला. एकाच मेजावर जेवणारी दोन माणसे एकाच जिन्याने वर जाऊ शकत नाहीत, ही आपल्या स्वातंत्र्याची आजची मर्यादा आहे.

ती मर्यादा किती जुनी आहे, हे स्मरण करून देणे अप्रस्तुत ठरणार नाही. १९१७ मध्ये डॉ. आंबेडकर न्यूयॉर्क व लंडन येथे अध्ययन करून बडोदे संस्थानाच्या चाकरीत रुजू झाले. त्यांस राहावयास जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात ते पारशी नाव धारण करून राहिले, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांस तेथून बाहेर काढले. विद्वत्ता, पदवी, महाराजांचा हुकूम, यांतले काहीच कामास आले नाही. आज काठ्या कोणी घेत नाही. सोसायटीची सभा पुरते.

मालकांची बाजूही ऐकली पाहिजे. भाडेकरू शिरला की निघत नाही, ही त्यांची धास्ती १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याच्या अनुभवातून आलेली आहे, आणि ती सर्वस्वी खोटी म्हणता येणार नाही. तिच्यापायी माणसे घर बंद ठेवणे पसंत करतात. २०११ च्या जनगणनेत एकट्या मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी आढळली होती! परंतु १९९९ च्या कायद्याने ‘लिव्ह अँड लायसन्स’ कराराची मुदत संपल्यावर जागा त्वरेने परत मिळविण्याचा मार्ग मालकास दिला आहे. मुदतीनंतर अडून बसणाऱ्याकडून दुप्पट शुल्क वसूल करण्याचीही तरतूद आहे. करार लेखी व नोंदणीकृत करण्याची जबाबदारी मात्र त्याच कायद्याने मालकावर टाकली आहे. तेव्हा भीतीचे कारण बरेचसे गेले. उरली आहे ती सवय आणि सवयीच्या आड दडलेला दुजाभाव.

मग करावे काय? केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक असू नये, असे म्हटले आहे. राज्याने स्वीकारल्याविना तो मसुदा कोणावरही बंधनकारक नाही. निदान हे कलम तरी महाराष्ट्राने विनाविलंब उचलावे. दुसरे, रेल्वे स्थानकांच्या परिसरात सार्वजनिक मालकीच्या जमिनींवर नव्या कर्मचाऱ्यांसाठी भाड्याची वसतिगृहे बांधावीत, आणि दोन वर्षांनी खोली सोडण्याची अट घालावी, म्हणजे मागून येणाऱ्यास जागा होईल. नोकरदार महिलांच्या वसतिगृहांची केंद्रीय योजना १९७२-७३ पासून अस्तित्वात आहे. अर्ध्या शतकानंतरही नोकरीवर आलेल्या मुलीस आधी ओळखीच्यांकडे पाहुणी म्हणून राहावे लागते, हे भूषणावह नाही. तिसरे, अशा प्रत्येक वसतिगृहाच्या तळमजल्यावर महिला मंडळाची खानावळ असावी. रोटला व ओटला एका छपराखाली आणणे अशक्य नाही. गिरणगावातील अशिक्षित बायांनी ते दहा बाय बाराच्या खोलीत करून दाखविले होते.

आणि चौथी गोष्ट कोणत्याही सरकारने करावयाची नाही. आमच्या वाचकांपैकी अनेकजण गृहनिर्माण संस्थांच्या कार्यकारिणीवर आहेत. महाराष्ट्रातील आदर्श उपविधींनुसार सभासदाने सदनिका भाड्याने देण्यास संस्थेची पूर्वपरवानगी लागत नाही. करार पाठवून आगाऊ कळविणे पुरते. असे असता ‘अमक्यास देऊ नये’ असे तोंडी फर्मान कोणत्या अधिकारात निघते? पुढल्या सभेत हा प्रश्न एका सभासदाने उभे राहून विचारावा आणि त्याचे उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावे, एवढीच आमची विनंती आहे. तोंडी फर्माने कागदावर यावयास भितात, असा अनुभव आहे.

आम्ही अनेक वर्षे शाळेत शिकविले आहे. शहाणा हो, परीक्षा दे, मोठ्या शहरात जा, असेच आम्ही मुलांस सांगत आलो आणि आजही प्रत्येक शिक्षक तेच सांगतो. मुले आपले ऐकून येथे आली आहेत. त्यांना घराच्या दाराशी उभे करून आडनाव विचारण्याचा अधिकार आपणास कोणी दिला, याचे उत्तर आता आपण त्यांस देणे लागतो.