इंचभर उंचीचा शिपाई

खेळण्यातल्या शिपायांना आपल्या घरांत फारशी प्रतिष्ठा कधीच लाभली नाही. दिवाळीत मुलांनी अंगणात किल्ला केला की त्याच्या तटावर चार मावळे उभे राहतात, भाऊबीज उलटली की त्यांची रवानगी माळ्यावर होते, आणि पुढच्या वर्षी पाहावे तो निम्म्यांचे भाले मोडलेले असतात. मोठ्या माणसांनी लक्ष घालावे असे त्यांत काही असेल, ही कल्पनाही कुणाच्या मनाला शिवत नाही. परंतु इंग्लंड-अमेरिकेत कितीतरी प्रौढ गृहस्थ आपल्या फुरसतीच्या संध्याकाळी इंचभर उंचीचे शिपाई रंगवण्यात घालवतात, एकाचे डोके दुसऱ्याच्या धडावर बसवून नवेच शिपाई घडवतात, आणि मग जेवणाच्या मेजावर हिरवे कापड अंथरून त्यांची लढाई मांडतात. या छंदात नुसता पोरखेळ आहे की आणखी काही, याचा विचार या महिन्याच्या सदरात करावयाचा आहे.

मेजावरच्या लढाईचा उगम खेळात नव्हे, तर लष्करी शिक्षणात आहे. प्रशियाच्या सैन्यातील राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने १८२४ साली या युद्धखेळाचे नियम छापून प्रसिद्ध केले. त्याच्या खेळात शिपाई नव्हते. नकाशावर सरकवावयाचे छोटे ठोकळे होते, फासे होते आणि निवाडा देणारा पंच होता. खेळण्यातले शिपाई या लढाईत आणले ते लेखकांनी. ‘ट्रेझर आयलंड’चा कर्ता रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा प्रकृतीसाठी स्वित्झर्लंडमधील दाव्होस येथे राहत असता आपल्या सावत्र मुलाबरोबर तासन्‌तास शिपायांच्या लढाया खेळे. पुढे १९१३ साली एच. जी. वेल्स यांनी ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून या खेळाला सर्वांना समजतील असे नियम दिले. त्यांचे शिपाई शिशाचे, आतून पोकळ आणि सुमारे दोन इंच उंचीचे असत. तोफा स्प्रिंगच्या असत आणि त्यांतून लाकडाचे तुकडे उडत. वेल्स हे युद्धाचे पुरस्कर्ते मात्र नव्हते. खऱ्या युद्धापेक्षा हे छोटे युद्ध कितीतरी शहाणपणाचे, कारण त्यात कुणाचे घर उद्ध्वस्त होत नाही, असाच त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. दुसऱ्याच वर्षी युरोपात महायुद्धाचा वणवा पेटला.

मुलांच्या हाती लढाईची खेळणी द्यावीत की न द्यावीत, हा प्रश्न पुष्कळ पालकांच्या मनात असतो, म्हणून हा इतिहास मुद्दाम सांगितला. परंतु या छंदाचे खरे मर्म लढाईत नाही. लढाई महिन्यातून एखाद्या संध्याकाळी होते. शिपाई घडवण्याचे व रंगवण्याचे काम मात्र वर्षभर चालते. छंदाचा हा भाग वाढीस लागला तो टंचाईच्या काळात.

इंग्लंडात डोनाल्ड फेदरस्टोन यांचे ‘वॉर गेम्स’ हे पुस्तक १९६२ साली निघाले आणि हा खेळ अनेक घरांत पोहोचला. त्याच सुमारास एअरफिक्स या कंपनीने मऊ प्लॅस्टिकचे, इंचाहूनही किंचित कमी उंचीचे शिपाई खोक्यात घालून विकावयास आरंभ केला होता. एका खोक्यात चाळीस-पन्नास शिपाई, आणि किंमत शाळकरी मुलाच्या खाऊच्या पैशांत बसेल इतकी. अडचण एवढीच की हवा तो शिपाई मिळेलच असे नव्हे. नेपोलियनच्या लढाया खेळण्याची हौस मोठी. पण बाजारात मिळत ते अमेरिकन यादवी युद्धातले सैनिक, काऊबॉय, रोमन आणि लंडनच्या राजवाड्यावरचे केसाळ उंच टोपीवाले पहारेकरी. मग छांदिष्टांनी चाकू हाती घेतला. पहारेकऱ्याचे टोपीसकट डोके कापावे, ते अमेरिकन सैनिकाच्या धडावर टाचणीच्या आधाराने बसवावे, अंगरख्याला कागदाच्या शेपट्या चिकटवाव्यात, आणि नेपोलियनच्या पथकातला शिपाई उभा करावा! या करामतीला इंग्रजीत ‘कन्व्हर्शन’ असे नाव आहे. आपण तिला रूपांतर म्हणू.

अटलांटिकपलीकडे, विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हा या गावी गॅरी गायगॅक्स यांचीही अशीच अडचण होती. त्यांना मेजावर राक्षस आणि उडते सर्प हवे होते, आणि तसे पुतळे त्या वेळी कुणी करीतच नव्हते. त्यांनी प्लॅस्टिकच्या डायनोसॉरचा कायापालट करून उडता सर्प बनवला, मोठ्या आकाराच्या एका योद्ध्याला बाहुलीचे केस चिकटवून महाकाय राक्षस केला, आणि हाँगकाँगहून येणाऱ्या स्वस्त खेळण्यांतल्या ओळख न पटणाऱ्या विचित्र प्राण्यांना नवी नावे दिली. त्यांच्या व डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या १९७४ सालच्या जगप्रसिद्ध खेळातील काही प्राणी या खेळण्यांतूनच जन्माला आले. हवे ते मिळत असते, तर ते कदाचित सुचलेच नसते.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. शिपाई आधी साबणाच्या कोमट पाण्यात धुवावा, कारण साच्यातून सुटावा म्हणून लावलेल्या तेलकट द्रव्याचा अंश त्याच्या अंगावर असतो व त्यावर रंग धरत नाही. साच्याच्या जोडाची बारीक रेघ चाकूच्या पात्याने खरवडून काढावी. मऊ प्लॅस्टिकचा शिपाई असेल तर पातळ केलेल्या फेव्हिकॉलचा एक हात त्यावर द्यावा. नाहीतर भाल्याला किंवा बंदुकीला जरा बाक आला की रंगाचे पोपडे निघतात. मग संपूर्ण शिपायाला काळ्या किंवा पांढऱ्या रंगाचे अस्तर द्यावे. शिपाई बोटांत न धरता एखाद्या बाटलीच्या बुचावर चिकटवून घेतला, तर हाताचा घाम रंगाला लागत नाही.

यापुढची पायरी समजावून घेण्यासारखी आहे. खऱ्या माणसाच्या अंगावर उन्हाने सावल्या पडतात. अंगरख्याची चुणी, पट्ट्याची कड, गालाचा उंचवटा आपोआप उठून दिसतो. इंचभर उंचीच्या पुतळ्यावर पडणारी सावली इतकी क्षीण असते की हातभर अंतरावरून ती दिसतच नाही. म्हणून या छंदात सावलीदेखील रंगवावी लागते. मूळ रंग वाळला की त्याच रंगाची गडद छटा पाण्यासारखी पातळ करून अंगावरून सोडतात. ती चुण्यांत आणि खोबणींत जाऊन बसते. मग फिकट छटा कुंचल्यावर घेऊन, तो फडक्यावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसून, उंचवट्यांवरून हलकेच फिरवतात. एवढ्यावरच निर्जीव पुतळ्यात प्राण आल्यासारखा वाटतो. नवशिक्यांची समजूत असते की सर्वांत बारीक कुंचला सर्वांत चांगला. वस्तुतः फार बारीक कुंचल्यातला रंग शिपायापर्यंत पोहोचण्याआधीच वाळतो. कुंचला थोडा जाड असला तरी चालेल, त्याचे टोक मात्र सुईसारखे जुळले पाहिजे. रंग पातळ करून दोन हात द्यावेत, एकच जाड थर देऊ नये; आमच्या माताभगिनींना रांगोळीच्या चिमटीवरून हे तत्त्व सहज उमगेल.

रूपांतरासाठी जे साहित्य लागते तेही आपल्याला परके नाही. परदेशी छांदिष्ट निळ्या आणि पिवळ्या अशा दोन पट्ट्या समभाग मळून हिरवा लगदा तयार करतात. तासा-दीड तासात तो कडक होऊ लागतो, तोवर सुईने आणि दात कोरण्याच्या काडीने त्याला पगडीची घडी, दाढी किंवा शेल्याचा पदर असा हवा तो आकार देतात. गळक्या नळासाठी आपण जे एम-सील आणतो, ते याच जातीचे. काडी पाण्यात बुडवून घेतली की लगदा तिला चिकटत नाही. कापलेला हात नुसत्या गोंदाने टिकत नाही. दोन्ही बाजूंना बारीक भोक पाडून त्यांत पितळी तारेचा तुकडा बसवावा लागतो. येथे एक इशारा देणे अवश्य आहे. जुने शिपाई शिशाचे असू शकतात. ते घासले की उडणारी धूळ विषारी असते. म्हणून काम झाल्यावर हात स्वच्छ धुवावेत, कुंचल्याचे टोक जिभेने जुळवण्याची सवय कधीही लावून घेऊ नये, आणि लहान मुलांच्या हाती असे शिपाई व धारदार पाती देऊ नयेत.

या कलेवर माणसाचा किती जीव जडतो, याचे एक उदाहरण सांगतो. इंग्लंडात ॲलन आणि मायकेल पेरी हे जुळे बंधू असे शिपाई कोरण्यात निष्णात म्हणून प्रसिद्ध आहेत. बोटाच्या पेराएवढ्या मूर्तीवर गुंड्या, काडतुसांची पेटी आणि चेहऱ्यावरचा भाव उमटवावयाचा, हे त्यांचे रोजचे काम. १९९६ साली फ्रान्समध्ये क्रेसी येथे एका ऐतिहासिक लढाईच्या प्रात्यक्षिकात तोफेचा अपघात झाला आणि मायकेल पेरी यांनी आपला उजवा हात गमावला. ज्याचे सारे कौशल्य उजव्या हाताच्या बोटांत साठलेले, त्याच्यावर याहून कठोर आघात कोणता असावा? परंतु त्यांनी काम सोडले नाही. डाव्या हाताला त्यांनी पहिल्यापासून कोरणे शिकवले आणि पुन्हा त्याच दर्जाचे शिपाई घडवू लागले. २००१ साली या बंधूंनी स्वतःच्या नावाची संस्थाही काढली. खऱ्या तोफेने काय होते हे ज्याने अंगावर भोगले, तो माणूस पुन्हा छोट्या तोफा आणि छोटे गोलंदाज घडवण्याकडे वळला, हे लक्षात घेतले म्हणजे या छंदाला युद्धाची चटक म्हणून बाजूला सारता येत नाही.

आपल्या वाचकांचा या विषयाशी आणखी एक जिव्हाळ्याचा संबंध पोहोचतो. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई या गावी दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजांशी आर्थर वेलस्ली याची लढाई झाली. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून नेपोलियनचा पराभव करता झाला, त्यामुळे ही लढाई इंग्रज छांदिष्टांच्या मेजावर हटकून मांडली जाते. शिंद्यांच्या कवायती पलटणी आणि तोफा त्या दिवशी कशा झुंजल्या, गोलंदाज तोफांजवळच कसे पडले, हे शत्रूनेही नमूद करून ठेवले आहे. परंतु त्यांच्या छोट्या प्रतिकृती रंगवणाऱ्या, हजारो मैलांवरच्या माणसाला सरदाराची पगडी आणि शिपायाचे मुंडासे यांतला भेद कुणी सांगावा? कंपनी सरकारच्या शिपायाचे डोके बदलून मराठी शिपाई करावयाचा, तर ते डोके कसे असावे? ग्वाल्हेर, इंदूर, बडोदा येथली आपली कितीतरी घराणी शिंदे, होळकर आणि गायकवाड यांच्या फौजांच्या मागोमागच तिकडे गेली. देवघराशेजारच्या भिंतीवरचा एखादा जुना तैलरंगी पूर्वज, संदुकीतला एखादा जरीचा मंदील, हे या प्रश्नाचे उत्तर देऊ शकतात. ते उत्तर आपण शोधले नाही, तर दुसरा कुणीतरी अंदाजाने रंग भरील आणि पुढे तोच खरा मानला जाईल. शिपाई इंचभर असला तरी त्याच्या डोक्यावर काय आहे हे नेमके सांगणे, ही त्या वेळी लढलेल्या माणसांची आठवण राखण्याचीच एक रीत आहे.

आज टंचाईचा काळ सरला आहे. १९७५ साली लंडनमध्ये सुरू झालेली आणि आता नॉटिंगहॅममध्ये स्थिरावलेली गेम्स वर्कशॉप ही कंपनी ‘वॉरहॅमर’ या खेळाचे पुतळे जगभर विकते; थ्रीडी प्रिंटर घरात ठेवून हवा तो शिपाई रातोरात छापून घेणारे लोकही आहेत. तरीदेखील रूपांतराची हौस कमी झालेली नाही. बाजारचा शिपाई सर्वांचा सारखा असतो. ज्याचा हात आपण बदलला आणि ज्याच्या अंगरख्याचा रंग आपण ठरवला, तोच आपला वाटतो.

तेव्हा येत्या दिवाळीत एक प्रयोग करून पाहावा. बाजारातून मातीचे मावळे आणावेत, पण ते तसेच तटावर उभे करू नयेत. मोडक्या भाल्याच्या जागी खराट्याची हीर बसवावी, एकाच्या खांद्यावर कागदाची ढाल द्यावी, शाडूच्या चिमटीने दुसऱ्याचे मुंडासे बदलावे, आणि जलरंगाची गडद छटा चुण्यांत सोडून अंगरख्याला सावली आणावी. मुलांना एकेक मावळा वाटून द्यावा आणि त्याला नाव ठेवण्यास सांगावे. आजोबांना पगडीबद्दल विचारण्याचे कामही मुलांवरच सोपवावे. उत्तराला थोडा वेळ लागेल, पण तेवढ्यात जुन्या गोष्टींची आणखीही एखादी पेटी उघडेल.